बहिऱ्या देवाच्या पाठीमागे

जून लागला की मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या बिल्डिंगीत बॅगांच्या चाकांची घरघर सुरू होते. शाळा सुटलेल्या असतात. लिफ्टमध्ये माणसांपेक्षा सामान जास्त. कोणी वजनकाट्यावर बॅग कवटाळून उभा, कोणी खजुराचे डबे काढतोय आणि पुन्हा भरतोय, कोणाची मुलं आजीकडे वायफाय आहे का या काळजीत. आठवडा-दोन आठवडे ही धांदल चालते. मग एका संध्याकाळी कामावरून येऊन गाडी लावावी तर खाली आपली एकटीच गाडी. जिन्यात फोडणीचा वास नाही, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवत नाही. सगळ्या बिल्डिंगीत एसींचा तेवढा आवाज, तोही रिकाम्या घरांतला नाही.

आणि माझ्या घरातल्या फळीवर किल्ल्यांचे जुडगे जमा होतात. तळमजल्यावरच्यांची तुळस, समोरच्या मल्याळी कुटुंबाचा कढीपत्ता, तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बाईंचे काचेच्या भांड्यातले दोन सोनेरी मासे. गाबताच्या, म्हणजे मच्छीमाराच्या, पोराकडे मासे जिवंत ठेवायला द्यायचे, म्हणजे विश्वासाची कमाल आहे. पण मी उन्हाळ्यात कुठे जात नाही हे सगळ्यांना पाठ झालंय. मी मासळीच्या शीतगृहात यंत्रांवर असतो. बाहेर हवा जितकी तापते तितकी आमची यंत्रं धापा टाकतात, आणि बर्फवाल्याला उन्हाळ्यात रजा मिळत नसते. म्हणून सगळे गावी गेले की मी या रिकाम्या बिल्डिंगीचा क्षेत्रपाल होतो. नारळ तेवढा कोणी ठेवत नाही.

यंदा तर आमच्या घरातून जायला कोणी उरलेलंच नाही. लेकीचं, सईचं, कॉलेज सुरू झालं तेव्हा माझी बायको नीता तिला घेऊन पुण्याला गेली. "तू एक वर्ष काढ आणि ये," असं ठरलं होतं. ते एक वर्ष संपलं तेव्हा मी म्हणालो, अजून एक. आता हे 'अजून एक' मी इतक्या सहज म्हणतो की नीता त्यावर भांडतसुद्धा नाही. भांडण थांबलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं, पण भीती वाटली.

अशा ओस संध्याकाळी, दुसऱ्यांच्या तुळशींना पाणी घालताना, मला एक देव आठवतो. आपला नव्हे, जपान्यांचा.

२०१३-१४ची गोष्ट असावी. आमचे माकूल आणि कुपे, म्हणजे स्क्विड आणि टूना, जपानला जायचे, आणि मासळी गोठवायची नवी यंत्रंही तिथूनच आलेली. ती समजून घ्यायला कंपनीनं मला भर जानेवारीत तिकडे पाठवलं. यंत्रं बसवायला मोरिता-सान नावाचे गृहस्थ आधी काही महिने मस्कतला राहून गेले होते. पन्नाशीचे, बारीक, अबोल. बायको-मुलं जपानात, हे इथं एकटे. कामाव्यतिरिक्त त्यांना एकच गोष्ट आवडायची, ती म्हणजे रस्त्याकडेच्या टपरीवरचा कडक चहा. तो कागदी पेला दोन्ही हातांत धरून ते गाडीत बसून राहायचे. मी शेजारी. आम्हा दोघांचंही इंग्रजी एकमेकांच्या उपयोगाचं नव्हतं, त्यामुळे मैत्री व्हायला अडचण आली नाही.

तिकडे गेल्यावर ते म्हणाले, "तू मच्छीमाराचा मुलगा. तुला आमच्या मच्छीमारांच्या देवाकडे नेतो."

ओसाका आणि कोबे यांच्या मधे ते देऊळ आहे. फार जुनं. एके काळी समुद्र त्याच्या पायाशी होता म्हणे. आता भराव घालून समुद्राला लांब ढकललंय आणि मधे भला मोठा रस्ता पुलावरून जातो. देव मात्र होता तिथंच आहे. एबिसू त्याचं नाव. मासेमारीचा देव आणि भरभराटीचाही, कारण जाळं भरलं की भरभराट, एवढा साधा हिशेब. गोल गाल, तोंडभर हसू, एका हातात गळ आणि काखेत तांबडा मासा. जानेवारीत त्याची जत्रा असते. मी कमानीपाशी उभा राहिलो आणि भाजलेल्या माकुलाचा वास नाकात शिरला. दुतर्फा दुकानं, पोरांची रडारड, नवऱ्याला हरवून बसलेल्या बायका. एवढ्या लांब येऊन आंगणेवाडीच्या जत्रेतच उभा आहे असं वाटलं, फक्त कोणी शिव्या देत नव्हतं.

कमानीशी मी सवयीनं बूट काढले. थंडी अशी की पायमोज्यांतून थेट टाळूला भिडली. चार पावलं गेल्यावर मोरिता-सान थांबले, माझ्या पायांकडे बघितलं आणि फार काळजीनं विचारलं, "पाय दुखतात?" तेव्हा लक्षात आलं की आवारातल्या हजार माणसांत अनवाणी मीच. देवळाशी आलं की पायांतलं काढायचं, ही अक्कल पायांनाच असते, ती आपल्याला विचारत नाही. परत बूट घालायला गेलो तर बोटं वाकेनात.

आत एक प्रचंड कुपा ठेवलेला. देवाला वाहिलेला. लोक त्याच्या अंगावर नाणी दाबून चिकटवत होते. नाणं चिकटलं की वर्षभर पैसा चिकटतो. गर्दीतल्या प्रत्येकाला तो चमत्कार वाटत होता, आणि मी नाकासमोर आमच्या खात्याचं काम बघत होतो. मासा आतून नीट गोठला असेल तर ओलसर नाणं चिकटणारच, त्यात देवाला त्रास द्यायचं कारण नाही. तरी मीही खिशातलं पन्नास बैशांचं नाणं काढून त्याच्या कल्ल्यामागे दाबलं. चिकटलं. ओमानच्या सुलतानाचं नाणं जपानी देवाच्या माशावर बघून मला उगीच अभिमान वाटला.

दर्शन झालं. झाल्यावर माझे पाय आपोआप डावीकडे वळले. प्रदक्षिणा! तिथं प्रदक्षिणा घालत नाहीत हे मला कोण सांगणार? मोरिता-सान मागून "नो, नो" करत आले, पण तोवर मी गाभाऱ्याच्या मागे पोचलो होतो. आणि तिथं बघतो तर बरीच माणसं आधीच जमलेली. म्हातारी, तरणी, कोट-टायवाली. सगळी देवळाच्या मागच्या फळ्यांवर मुठींनी ठोकत होती आणि देवाचं नाव घेत होती. मला वाटलं, देवाशी भांडायला जमलीत.

मोरिता-सान धापा टाकत आले आणि हसले. "बरं झालं, तू स्वतःच आलास. आमचा एबिसू कानानं अधू आहे. समोरून मागितलेलं त्याला ऐकू जाईलच असं नाही. म्हणून मागे यायचं आणि ठोकायचं, की बाबा रे, मी येऊन गेलो, लक्षात ठेव."

मग चहा पिताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जुन्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यात जपानातले सगळे देव आपापली गावं सोडून एका मोठ्या देवळात जमतात. सगळा देश देवांवाचून रिकामा होतो. पण एबिसूला ते बोलावणं ऐकूच येत नाही. सगळे निघून जातात, तो एकटा मागे राहतो. आणि त्या महिन्यात ज्याला जे मागायचं ते लोक त्याच्याकडेच मागतात, कारण घरात तोच असतो.

"मस्कतमध्ये मीही असाच होतो," ते म्हणाले आणि पेल्यात बघत राहिले.

त्या फळ्यांवर मीही ठोकलं होतं. काय मागावं सुचलं नाही. जपानी देवाला मराठी कळेल का, ही शंकाही आली. शेवटी तोंडातून निघालं ते मालवणीतच निघालं, "मी इलंय." आलोय, एवढंच. हेच का निघालं, ते परतीच्या विमानात बसेपर्यंत मला कळलेलं नव्हतं. विमान उडालं तेव्हा कळलं. हे वाक्य मला दुसऱ्याच एका बहिऱ्या माणसाला सांगायचं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तांडेल होते, होडीचे कप्तान. मालवणच्या वरच्या अंगाला आमची वाडी. होडीला इंजिन आलं तेव्हा सगळ्या वाडीनं पेढे वाटले. त्या इंजिनाच्या डोक्यावर उभं राहून अण्णांनी उभी हयात सुकाणू धरलं, आणि इंजिनानं हळूहळू त्यांचे कान खाल्ले. आई होती तोवर ती त्यांचे कान होती. ती गेली आणि त्यांनी कानाला यंत्र लावून घ्यायला साफ नकार दिला. "आता ऐकूचा काय उरला हा?" असं म्हणून विषय मिटवला. होडी म्हातारी झाली, मोडीत काढली, तेव्हा तिची एक रुंद फळी त्यांनी ठेवून घेतली आणि पडवीत तिचा बाक केला. पाठ टेकायलाही तिचीच फळी. दिवसभर तिथं समुद्राकडे तोंड करून बसायचे.

मी फोन करायचो तो शेजारच्या सुलूवहिनींच्या मोबाइलवर. चुलत भावाची बायको, अण्णांच्या जेवणाखाण्याचं तीच बघायची. मी तिला सांगायचं, ती अण्णांच्या कानाशी ओरडायची, अण्णा तिला सांगणार, ती मला सांगणार. बोलणं काय होणार? "जेवलात काय?" "जेवलंय म्हणान सांग." "औषधां घेतात काय?" "घेतंय म्हणान सांग." अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बापलेकांनी काय बोलावं? मनातलं काही सांगावं तर ते सुलूवहिनींच्या तोंडून, ओरडून. आईची आठवण येते हे कोण ओरडून सांगतं? अशी कित्येक वर्षं गेली. मी फोन ठेवायचो आणि वाटायचं, मी अण्णांशी नव्हे, अण्णांबद्दल बोललो.

मी जपानहून आलो त्या वर्षीच्या जुलैत ते फोनवर यायचेच बंद झाले. नीता आणि सई सुटीला पुण्याला गेलेल्या, बिल्डिंग अशीच रिकामी. दर शुक्रवारी सुटीच्या दिवशी मी फोन लावायचो आणि सुलूवहिनी म्हणायच्या, "भावजी, ते येणत नाय फोनार. म्हणतत, कित्याक ता? माका ऐकाक येणा नाय, तेका बोलाक येणा नाय."

त्याला बोलता येत नाही. हे अण्णा माझ्याविषयी म्हणाले होते. मी त्या दिवशी काही खाल्लं नाही. राग नव्हता, कारण बोलणं खरं होतं. भीती होती. हा माणूस हयात आहे, पडवीत बसून आहे, आणि तरी आमचं बोलणं संपलं, असं होऊ शकतं, याची भीती. अर्बाबकडे, म्हणजे आमच्या ओमानी मालकाकडे, जाऊन मी रजा मागितली. माणूस भला. त्यानं समोरच्या तापमापकाकडे बोट दाखवलं. एक यंत्र उघडून पडलेलं, दुसरं कसंबसं ओढत होतं, आत लोकांची मासळी. "ऑक्टोबर, इन्शाल्ला," तो म्हणाला. मीही इन्शाल्ला म्हणालो, दुसरं काय म्हणणार?

आमच्या शीतगृहात एक रीत आहे. गोठवणीच्या खोलीचं जाड दार बंद करण्याआधी आत कोणी राहिलं नाही ना, हे बघायचं. हाक मारून उपयोग नाही, आतल्या पंख्यांच्या घोंगाटात हाक मरून जाते. म्हणून दारावर मुठीनं ठोकायचं आणि थांबायचं. लोखंड तो ठोका आत नेतं. आत कोणी असेल तर तो तिकडून ठोकतो. घंटा आहे, दिवा आहे, सगळं आहे, तरी जुनी माणसं ठोकल्याशिवाय कडी लावत नाहीत. मीही त्यांतलाच.

त्या आठवड्यात एकदा मी असंच ठोकलं आणि आतून उत्तर आलं. आमचा बांगलादेशी सहकारी शेवटची खोकी रचत होता. त्यानं तिकडून एकदा ठोकलं. एकच ठोका, आहे मी. मी कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. चष्म्यावर वाफ धरली होती, काही दिसत नव्हतं, आणि मला अण्णांची होडी दिसली.

शाळेच्या सुटीत मी होडीवर जायचो. इंजिन चालू झालं की माणसाचं ओरडणं फुकट. सुकाणूवर अण्णा, खाली इंजिनापाशी एक खलाशी, पुढे जाळ्यावर बाकीचे. बोलणं चालायचं ते फळीवरच्या ठोक्यांनी. ऐकायचं कानांनी नाही, तळपायांनी. एक ठोका म्हणजे आहे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे जाळं वर आलं, आता घराकडे वळ. आणि ज्याला ठोका पोचला त्यानं उत्तर द्यायचंच. कबूल असेल तर तेवढेच ठोके परत, नसेल तर आपले वेगळे. एवढ्या तीन शब्दांवर अण्णांनी आयुष्यभर होडी चालवली. जमिनीवर आल्यावर त्यांना आमच्यापेक्षा जास्त शब्द लागायचे असंही नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी फोन लावला. पलीकडे पाऊस कौलांवर कोसळत होता, इथं बाहेर उन्हानं नजर ठरत नव्हती.

"भावजी, ते येणत नाय हो," सुलूवहिनींनी नेहमीचं सुरू केलं. "पडवेत बाकड्यार बसलेत, दर्याकडे बघीत."

"वयनी, त्यांका बोलवू नकात. फोन बाकड्यार ठेवा आणि पाटसून फळयेर एक ठोको मारा."

"ठोको? कोणाक?"

"बाकड्याक. अण्णांक न्हय."

"भावजी, थयसरचा ऊन डोक्यात गेला काय तुमच्या?"

पण बाई गुणाची. बांगड्यांचा आवाज आला, फोन लाकडावर ठेवल्याचा आला, आणि मग तिचा ठोका आला. जरा बिचकत मारलेला. मग पाऊस. पाऊसच. एक कोंबडी कुठेतरी तक्रार करत होती. मी फोन कानात खुपसून उभा. अण्णांच्या पाठीला तो ठोका कळला असेल का? कळला तर ओळखला असेल का? की कोणी पोर खेळतंय म्हणून त्यांनी मानही वळवली नसेल?

आणि मग एक ठोका आला. माझ्या कानाच्या अगदी जवळ. जड, ठाम, बोटांच्या हाडांचा. सुलूवहिनींचा नव्हे. तो हात मी कुठेही ओळखला असता.

"भावजी," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, जणू बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल. "माज्याकडे बघणत पण नाय. फळयेर हात ठेवन बसलेत. हसतत काय रडतत ता कळना नाय."

मी काही बोलणार तेवढ्यात पुन्हा आले. एक, दोन, तीन. सावकाश, मोजून दिलेले. जाळं वर आलं, घराकडे वळ.

अण्णांनी मला आयुष्यात कधी 'ये' म्हटलं नव्हतं. मी पहिल्यांदा मस्कतला निघालो तेव्हाही ते जेट्टीवर जाळं सुकवत होते. "बरां, जा" म्हणाले. नंतर दर फोनला "माजां बरां आसा म्हणान सांग." एवढी वर्षं मला वाटत राहिलं की त्यांना माझी फारशी गरज नाही. आता कळलं की ते शब्द सुलूवहिनींच्या हाती देण्यासारखे नव्हते. दुसऱ्याच्या तोंडून 'ये' म्हणायचं, तेही ओरडून, हे त्या माणसाला जमणारं नव्हतं. फळी मिळाली आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

मला तीन परत द्यायचे होते. देवाशपथ, ओठांवर आले होते. पण डोळ्यांसमोर ते उघडून पडलेलं यंत्र होतं, अर्बाबचं बोट होतं. फोनवर बोलताना "हो हो, येतो लवकरच" म्हणून वेळ मारून नेता येते. ठोक्यांत ती सोय नाही. तीन दिले की होडी वळवावीच लागते.

"वयनी," मी म्हणालो, "दोन मारा."

दोन ठोके गेले. थांब.

पावसाचा आवाज चालू होता. मी मनात म्हणत होतो, अण्णा, ऑक्टोबर. फक्त ऑक्टोबर. हे सांगायला चौथा शब्द आमच्याकडे नव्हता. बराच वेळ गेला.

मग एक आला. आहे.

मी फोन ठेवला आणि रडलो. बिल्डिंगीत कोणी नव्हतं, त्यामुळे आवाज दाबायचं कारण नव्हतं. रिकाम्या बिल्डिंगीचे जे थोडे फायदे आहेत त्यांतला हा एक.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी हेच. सुलूवहिनी आता फोन उचलल्यावर "बोला" न म्हणता थेट पडवीकडे निघायच्या. एक इकडून, एक तिकडून. कधी कधी तेवढ्यावर आम्ही दहा-दहा मिनिटं बसायचो, ते तिथे, मी इथे, मधे समुद्र, आणि दोघेही काही न बोलता. त्या उन्हाळ्याइतका मी अण्णांशी आधी कधी बोललो नव्हतो. ऑगस्टमध्ये त्यांनी वाडीबरोबर जाऊन समुद्राला नारळ दिला, असं वहिनी म्हणाल्या. मग शाळा उघडल्या, बिल्डिंगीत फोडण्यांचे वास परतले, किल्ल्या ज्याच्या त्याला गेल्या.

ऑक्टोबरात मी गेलो. जपानातले देव जमायचा जुना महिना पंचांगाच्या हिशेबानं थोडा पुढेमागे होतो म्हणतात, पण मला गंमत वाटली. तिकडे त्या बिचाऱ्याला बोलावणं ऐकू येत नाही, आणि मला आलं. रिक्षा वाडीच्या तोंडाशी सोडली, परसातून आत शिरलो. अण्णा बाकावर, माझ्याकडे पाठ. मी हाक मारली नाही. मागे जाऊन फळीवर ठोकलं. एकदा.

"इलंस?" ते म्हणाले. वळले नाहीत. बाकावर थोडे सरकले आणि हातानं जागा पुसली.

अण्णा त्यानंतर फार वर्षं नव्हते. जे दिवस होते त्यांत मी जमेल तसा जात राहिलो. ते गेले, तो बाक अजून सुलूवहिनींच्या पडवीत आहे.

त्या उन्हाळ्यानंतर ही भाषा मी सईलाही शिकवली होती, ती तेव्हा लहान होती. इथल्याच घरात, तिच्या खोलीची आणि आमची मधली भिंत एकच. रात्री झोपायच्या आधी ती तिकडून एक द्यायची, मी इकडून एक. मराठी बोलताना तिची त्रेधा व्हायची, सगळी शाळा इंग्रजीत, पण ठोक्यांत ती कधी अडली नाही. मोठी झाल्यावर हा खेळ सुटला. ती विसरली असेल असं मी धरून चाललो होतो.

आता गंमत अशी की इंजिनानं अण्णांचे कान खाल्ले आणि यंत्रांनी माझे खायला घेतलेत. सुरुवातीला मला वाटायचं, ही आजकालची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. मग कंपनीच्या तपासणीत डॉक्टरनं कागदावर उतरती रेघ दाखवली. मी घरी सांगितलं नाही. फोनवर ओठ हलताना दिसले की मी अंदाजानं "हो, हो" म्हणतो. बहुतेक वेळा भागतं. माणसं जेवलास का, बरा आहेस ना, एवढंच विचारतात, त्याला 'हो' चालतं. संध्याकाळी तुळशींना पाणी घालताना मनात येतं की आता कोणी खरंच काही सांगितलं तर ते माझ्यापर्यंत पोचणार नाही. मी इथे, सगळे तिकडे, आणि मधे माझं हे 'हो, हो'.

काल सईचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा, मागे पुण्याच्या घरातली भिंत. ती बोलत होती. मी माना डोलावत होतो.

"हो, हो," मी म्हणालो.

ती थांबली. मग अगदी जवळ येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा. मी विचारलं, तू अजून किती वर्षं राहणार आहेस तिकडे. त्याचं आन्सर 'हो' नसतं."

मी हसायचा प्रयत्न केला. नेटवर्क, म्हणालो.

"नेटवर्क फाइन आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी ओळखतो, माझ्या आईचं आहे ते. "तुला ऐकू येत नाहीये ना? आजोबांसारखं?"

हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. तिनं फोन समोरच्या टेबलावर कशाला तरी टेकवून उभा केला, हात पुढे आणला आणि बोटं वळवली.

एक, दोन, तीन.

विसरली नव्हती तर. शब्दांची टोकं माझ्या कानांत अडकतात, पण लाकडावरचा ठोका अजून पोचतो. जाळं वर आलं आहे. खरं तर केव्हाच आलं आहे, मीच काठावर उभा राहून 'अजून एक वर्ष' म्हणतोय. फळीवर दुसऱ्यांच्या किल्ल्या होत्या. बाहेर ऊन उतरलं होतं आणि रिकाम्या बिल्डिंगीत कुठेही कोणी खुर्ची सरकवत नव्हतं. एकदा मी दोन ठोके दिले होते आणि समोरचा माणूस थांबला होता. प्रत्येक वेळी समोरचा थांबेलच असं नाही.

मी जेवणाच्या टेबलावर हात ठेवला. एक दिला. दुसरा दिला. आणि तिथं माझा हात थबकला. पडद्यावर सईचा चेहरा उतरला.

मग मी तिसरा दिला.